दोन कार्ब्युरेटर आणि एक रबरी नळी

मंडळी, बरेच दिवस ब्लॉगवर काही लिहिलं नाही. दोघातिघांनी विचारणाही केली, "सर, तब्येत बरी आहे ना?" तब्येत उत्तम आहे. मे ते जुलै मुलीकडे इंग्लंडमध्ये होतो. प्रवासवर्णन लिहिणार नाही, काळजी नसावी. लंडनचा पूल आणि राणीचा वाडा यावर मराठीत पुरेसं लिहून झालंय. मला लिहायचंय ते एका जुन्या मोटारीबद्दल आणि तिच्या कार्ब्युरेटरबद्दल. ज्यांना यात रस नाही त्यांनी खुशाल पुढे जावं. घरातल्या मंडळींनी मात्र शेवटपर्यंत वाचावं अशी विनंती.

मुलगी राहते ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावात. टेम्स नदीकाठचं शांत, टुमदार गाव. इतकं शांत की आठवड्याभरात माणूस कंटाळतो. मुलगी-जावई कामावर, नातू शाळेत, आणि मी खिडकीशी. माझं इंग्रजी वाचण्यापुरतं बरं आहे. बोलायचं म्हटलं की वाक्य मनात मराठीत तयार होतं आणि त्याचं भाषांतर होईपर्यंत समोरचा हवापाण्याचं बोलून निघून गेलेला असतो. तेहेतीस वर्षं वर्गात अखंड बोलत राहिलेल्या माणसाला हे फार जड जातं बरं का!

शेजारच्या घरात एक गृहस्थ एकटेच राहतात. नातू त्यांना 'पलीकडचे आजोबा' म्हणतो, म्हणून मीही तेच म्हणतो, जरी ते माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असले तरी. पूर्वी पोस्टात होते. दोन्ही कानांत श्रवणयंत्रं. त्यांच्या गॅरेजचं दार एका सकाळी उघडं दिसलं आणि आत एक गडद हिरवी, बसकी, उघड्या टपाची मोटार. एमजीबी, १९६७ सालची. बॉनेट वर केलेलं होतं आणि आजोबा आत डोकं घालून उभे होते. इंजिन चालू होतं आणि ते नीट चालत नव्हतं. हे मला कुंपणाच्या अलीकडून कळलं. धड मिसिंग नाही, पण एका तालात नाही. मध्येच चढायचं, मध्येच पडायचं. चालताना एक पाय जरा ओढत चालावं तसं.

मी गेलो. "गुड मॉर्निंग" झालं. आत वाकून बघितलं आणि पटकन मराठीतच बोलून गेलो, "अरे, हे तर आपलं अँबॅसेडरचं इंजिन!"

आता हे अगदीच खोटं नव्हतं. आपली अँबॅसेडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी आवृत्ती. ती मॉरिस बनायची काउलीला, अ‍ॅबिंग्डनपासून दहा-बारा किलोमीटरवर. तिच्यात पुढे जे १४८९ सीसीचं इंजिन आलं ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज. त्याच जातीचं, पण १७९८ सीसीचं इंजिन एमजीबीमध्ये. आणि ही एमजीबी तर अ‍ॅबिंग्डनचीच लेक. १९६२ ते १९८० या काळात इथल्या कारखान्यात पाच लाखांहून अधिक झाल्या. १९८० साली कारखाना बंद पडला. आपली अँबॅसेडर मात्र उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत तयार होत राहिली. धाकट्या जावेनं घर जास्त दिवस सांभाळलं म्हणायचं.

मला हे ठाऊक असण्याचं कारण म्हणजे आमचा दादा.

बी.ए. झाल्यावर (१९७४) दोन वर्षं मी घरी बसून होतो. नोकरी नाही, बी.एड.ला जागा नाही. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. त्यानं जुनी मार्क टू अँबॅसेडर घेतली होती आणि मिरज स्टेशनवर टॅक्सी म्हणून लावली होती. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून पेशंट यायचे, त्यांना न्यायचं-आणायचं. गाडी रात्री परत आली की कंदिलाच्या उजेडात तिची दुरुस्ती, आणि मी हाताखाली. मिस्त्रीकडे न्यायला पैसे नसायचे, म्हणून दादाच मिस्त्री झाला. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून टॅपेटचा आवाज ऐकायचा तो. मला म्हणायचा, "तू बी.ए. झालायस ना? मग ऐकायला शिक. वाचून काय होत नाही इथं."

त्या गाडीला एस.यू. कार्ब्युरेटर होता. एकच. हा एस.यू. म्हणजे स्किनर्स युनियन. बुटांच्या व्यापारातल्या घराण्यातले दोन स्किनर बंधू, त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा शोध लावला. पहिल्या कार्ब्युरेटरमध्ये चक्क चामड्याचा भाता होता! बुटांच्या घरातून आणखी काय येणार. पुढे भात्याच्या जागी धातूचा पिस्टन आला आणि १९२६ साली मॉरिस साहेबांनी कंपनीच विकत घेतली.

त्याचं काम फार सुरेख आहे. बाकीच्या कार्ब्युरेटरांत हवेची वाट ठरावीक मापाची असते आणि पेट्रोलची बारीक बारीक बरीच भोकं. एस.यू.मध्ये भोक एकच, त्याला जेट म्हणायचं, आणि हवेची वाट लहानमोठी होते. घुमटासारखं एक भांडं असतं, त्याच्या आत पिस्टन वरखाली होतो. इंजिनानं हवा ओढली की पिस्टन वर उचलला जातो, वाट मोठी होते. पिस्टनच्या बुडाला एक निमुळती सुई, ती जेटमध्ये उतरलेली. पिस्टन जितका वर, तितका सुईचा बारीक भाग जेटमध्ये, म्हणजे तितकं पेट्रोल जास्त. जितकी भूक तितका घास. पिस्टनच्या दांड्यात थोडं पातळ तेल घालायचं, म्हणजे पाय एकदम दाबला तरी पिस्टन झटकन उडत नाही, आणि त्या क्षणापुरतं पेट्रोल थोडं जास्त मिळतं. बस्स. एवढंच.

आणि त्याच्या बुडाशी एक छोटी पिन असते. बोटानं वर दाबली की पिस्टन किंचित, मिलिमीटरभरसुद्धा नाही, उचलला जातो. दादा म्हणायचा, "त्याला विचार." म्हणजे इंजिनाला. चालू इंजिनावर पिन उचलायची. इंजिन चढलं आणि चढलेलंच राहिलं, तर मिक्श्चर रिच, पेट्रोल जास्त होतंय. खाली बसलं, मरायला लागलं, तर लीन, पेट्रोल कमी. अगदी थोडं चढून पुन्हा जागेवर आलं, तर बरोबर. जेटच्या खाली षटकोनी नट असतो, तो वर फिरवला की पेट्रोल कमी, खाली फिरवला की जास्त. एका वेळी एकच फ्लॅट, म्हणजे एक षष्ठांश फेरा. फिरवायचं, विचारायचं, ऐकायचं. मी पुढे वर्गात प्रश्न विचारून उत्तराची वाट बघायला शिकलो ते बी.एड.ला नाही, त्या कंदिलाच्या उजेडात शिकलो.

असो. तर अ‍ॅबिंग्डन.

एमजीबीला असे दोन एस.यू. असतात. पुढचा पहिल्या दोन सिलिंडरांचा, मागचा पुढच्या दोनांचा. आता पंचाईत अशी की दोघांनी सारखीच हवा घेतली पाहिजे आणि दोघांचं मिक्श्चरही सारखं पाहिजे. नाहीतर एक ओढतो आणि दुसरा ओढला जातो. (इथे दोन कार्ब्युरेटर म्हणजे दोन भाऊ वगैरे मी लिहीन असं वाटलं असेल, तर ते लिहिणार नाही. कार्ब्युरेटर हा कार्ब्युरेटर असतो.)

जोडी जुळवायची रीत अशी. आधी बाकीचं सगळं ठीक हवं: व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, पॉइंटचा गॅप, प्लग, टायमिंग. इंजिन चांगलं गरम हवं. ते बघितल्याशिवाय कार्ब्युरेटरला हात लावणारा माणूस म्हणजे पोरगं उपाशी आहे का ते न बघता त्याला अभ्यासावरून रागावणारा मास्तर. मग एअर फिल्टर काढायचे. दोन्ही थ्रॉटलना जोडणारी जी दांडी असते तिच्या क्लॅम्पचे नट सैल करायचे, म्हणजे दोघं सुटे होतात. आणि मग हातभर लांबीची रबरी नळी घ्यायची. एक टोक कानाला, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. हवा आत शिरतानाचा फुसफुसाट ऐकू येतो. पुढच्याचा ऐकायचा, मागच्याचा ऐकायचा, आणि दोन्ही एकाच पट्टीत येईपर्यंत आयडलिंगचे स्क्रू फिरवायचे. नळी दोन्हीकडे अगदी त्याच जागी धरायची, बोटभर सरकली तरी आवाज बदलतो.

आजोबांच्या हातात ती नळी होती आणि ते ती कानाशी धरून उभे होते. श्रवणयंत्र काढून. माझ्याकडे बघून हसले आणि मान हलवली. काही ऐकू येत नव्हतं त्यांना.

त्यांनी सांगितलं ते मला अर्धंच कळलं. संध्याकाळी मुलीनं त्यांच्याकडून पुन्हा विचारून घेतलं तेव्हा नीट समजलं. गेली वीस वर्षं नळी त्यांच्या बायकोच्या कानाला असायची. हे स्क्रू फिरवायचे, ती "मोअर", "लेस" सांगायची. मागच्या वर्षी ती गेली. हिवाळ्यात हाताला काहीतरी काम हवं म्हणून त्यांनी दोन्ही कार्ब्युरेटर उतरवून साफ केले, जेट नवे घातले, पॅकिंग बदलली. बसवले. आणि तेव्हापासून गाडी धड चालत नाही. त्यांच्या मुलानं एक मीटर आणून दिला होता, कार्ब्युरेटरच्या तोंडावर धरायचा, काटा हवेचा ओढा दाखवतो. तो खोक्यातच होता. मुलीनं विचारलं, का वापरत नाही? तर म्हणाले, वापरेन कधीतरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो आणि नळी मागितली. माझा डावा कान काही कामाचा नाही, पण उजवा शाबूत आहे.

दोन दिवस आम्ही झगडलो. मला दोनच शब्द लागत होते, "मोअर" आणि "लेस", आणि ते मला उत्तम येतात. त्यांना माझं ऐकू यायचं नाही, म्हणून मी बोटांनी खुणा करायचो. तीन महिन्यांत इतकं सुरळीत संभाषण माझं तिथे कुणाशी झालं नाही. पुढच्याचा आवाज छान, एकसारखा, दूध तापायला लागल्यावर येतो तसा. मागच्याचा मात्र धरून ठेवता येईना. मोठ्या मुश्किलीनं जुळवावा, थोडी रेस द्यावी, पाय काढावा, की परत येताना दुसऱ्याच पट्टीत. पिन उचलून विचारावं तर एकदा रिच म्हणायचा, एकदा लीन. खोटं बोलणारा मुलगा दर वेळी वेगळी गोष्ट सांगतो ना, तसं.

आजोबांना वाटलं थ्रॉटलची दांडी झिजलीय, तिथून हवा खेचतोय. होतं तसं. त्यांनी दांडीच्या टोकांवर स्प्रे मारून बघितला. हवा खेचत असता तर इंजिनाचा आवाज बदलला असता. काही बदललं नाही.

रात्री झोप येईना. तिकडे जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे तशीही लवकर येत नाही. पडल्या पडल्या एकदम कानात आवाज आला, 'खट्'. दादा घुमटावरची टोपी आणि तिच्याबरोबरचा तेलातला दांडा बाहेर काढायचा, इंजिन बंद असताना पिन पूर्ण वर दाबायचा आणि सोडून द्यायचा. पिस्टन खाली पडायचा, 'खट्'. तो आवाज आला की मान डोलवायचा. आला नाही की "सुई घासतीय" म्हणायचा आणि शर्टाच्या बाह्या वर करायचा.

सकाळी सात वाजता मी त्यांच्या दाराशी हजर. पुढच्याची टोपी काढायला लावली, पिन दाबली, सोडली. खट्. मागच्याची दाबली, सोडली. पिस्टन खाली आला, पण मांजर उतरावं तसा. आवाज नाही. आजोबांना पहिलाही ऐकू आला नव्हता आणि दुसराही. हिवाळ्यात जेट बसवल्यावर त्यांनीही ही परीक्षा केलीच असणार, पुस्तकात ती दिलेली असते. पिस्टन खाली येतोय हे डोळ्यांना दिसलं असेल. खट् झालं की नाही हे सांगणारं माणूस घरात नव्हतं.

मग मी त्यांचं बोट धरून घुमटावर टेकवलं. पुढच्यावर. पिन सोडली. त्यांच्या बोटाला तो ठोका कळला. मग मागच्यावर. काही नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि "आह्" म्हणाले.

नवा जेट मध्यावर बसला नव्हता, त्यामुळे सुई त्याच्या कडेला घासत होती. (दोनतीन वर्षांनंतरच्या मॉडेलमध्ये स्प्रिंगवर बसवलेली सुई आली, तिला हा त्रास नाही. ही १९६७ची, जुन्या पद्धतीची पक्की सुई.) इलाज सोपा, पण नाजूक. जेट पूर्ण वर घ्यायचा. त्याच्या वरचा मोठा नट, जो जेटची बैठक आवळून धरतो, तो सैल करायचा. वरून पिस्टन हलकेच खाली दाबून धरायचा, म्हणजे सुईच जेटला आपल्या मध्यावर आणते. आणि तसाच धरून खालून नट आवळायचा. आवळताना जेट सरकतोच. चार वेळा केलं. मी वरून दाबून धरायचो, ते खालून पाना फिरवायचे. चौथ्या वेळी खट् झालं. जेट खाली घेऊन पुन्हा बघितलं, तेव्हाही तसंच खट्. त्यांचं बोट घुमटावरच होतं. मला सांगावं लागलं नाही.

त्यानंतर सगळं भराभर झालं. दोन्ही जेट वरच्या कडेपासून दोन दोन फेरे खाली, म्हणजे बारा बारा फ्लॅट. इंजिन गरम. नळी. मोअर, लेस, लेस. मागचा आता पुढच्याच्याच पट्टीत गात होता आणि रेस देऊन आणलं तरी तिथेच येत होता. मग दोन्ही नट एकेक फ्लॅट बरोबरीनं फिरवत इंजिन सगळ्यात मोकळं कुठे चालतं ते बघितलं. मिक्श्चर बदललं की आयडलिंग बदलतं, म्हणून पुन्हा नळी. पुढची पिन उचलली, किंचित चढलं, जागेवर आलं. बरोबर. मागची उचलली. चढलं... आणि बसलं? की थोडं चढलेलंच राहिलं? माझं मत होईना. दोनदा, तीनदा केलं. दर वेळी वाटायचं हो, आणि दर वेळी वाटायचं नाही.

इथे मला ते लिहायचंय ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

१९८६ साली दादानं माझ्याकडे बारा हजार रुपये मागितले होते. पेट्रोलवर टॅक्सी परवडेना. बाकीच्यांनी डिझेल इंजिनं बसवून घेतली होती. मी तोपर्यंत सांगलीत कायम झालो होतो, पतपेढीतून मला कर्ज मिळालं असतं. मी नाही म्हणालो. प्लॉटचे हप्ते आहेत म्हणालो. ते खरं होतं. पण त्याच वर्षी दिवाळीत मी घरात रंगीत टीव्ही आणला, तेही खरं. दादानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. सहा महिन्यांत गाडी विकली आणि एका साखर कारखान्यावर ड्रायव्हर म्हणून लागला. निवृत्त होईपर्यंत दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या.

भांडण झालं नाही. लग्नकार्याला आम्ही एकमेकांकडे गेलो, आहेर केले, वडिलांचं केलं. सांगली-मिरज अंतर ते किती! पण त्यानंतर तो माझ्याशी गाडीबद्दल कधी बोलला नाही आणि मी विचारलं नाही. ज्या गोष्टीवर आम्ही दोन वर्षं रोज रात्री बोलत होतो त्या गोष्टीवर जवळजवळ चाळीस वर्षं एक शब्द नाही.

अ‍ॅबिंग्डनला सकाळचे साडेदहा झाले होते, म्हणजे मिरजेत दुपारचे तीन. मी व्हॉट्सअ‍ॅपवर फोन लावला. वहिनीनं उचलला. "अगंबाई, तिकडून? सगळं बरं आहे ना?" म्हणाली. म्हटलं, दादाला दे.

"काय रे?"

"दादा, एस.यू. आहे. जोडी. मागच्याची पिन उचलली की कळत नाहीये रिच की बरोबर."

तिकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"सुई घासत असणार," दादा म्हणाला.

"घासत होती. सेंटर केला जेट. खट् येतोय."

"जेट खाली घेऊन बघितलास?"

"बघितलं."

"मग ऐकव की."

फोन इंजिनाजवळ धरला, पण त्या फोनला काय बुद्धी असते कोण जाणे, माणसाचा आवाज तेवढा पोचवतो आणि इंजिनाचा गोंगाट समजून गाळून टाकतो. दादाला काही ऐकू येईना. शेवटी व्हिडिओ काढून पाठवला. पुढची पिन, मग मागची पिन, दोनदा. पलीकडचे आजोबा पिन दाबत होते आणि मी फोन धरला होता. ते कुणाला पाठवतोय हे त्यांना मी "ब्रदर. टॅक्सी. सेम इंजिन" इतक्या शब्दांत सांगितलं. त्यांना पटलं. बॉनेटला टेकून वाट बघत उभे राहिले.

दहा मिनिटांनी नातीनं दादाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला. "मागचा किंचित रिच हाय. एक फ्लॅट वर घे. एकच. जास्त शहाणपणा करू नको."

एक फ्लॅट वर घेतला. पिन उचलली. चढलं, बसलं. क्लॅम्पचे नट आवळताना दोन्ही थ्रॉटल एकाच वेळी उघडतायत का ते बघितलं, फिल्टर बसवले. मग आजोबा आत गेले आणि तो मीटरचा खोका घेऊन आले. उघडला. फिल्टर पुन्हा काढून दोन्ही तोंडांवर धरला. माझ्या कानानं जे सारखं ठरवलं होतं त्यात काट्यानं अर्ध्या खुणेचा फरक दाखवला. खरं सांगायचं तर मीटर कानापेक्षा अचूक असतो, आणि मी तो फरक काढून टाकायला तयार होतो. आजोबा नको म्हणाले. राहू दे, म्हणाले. मीटर परत खोक्यात गेला.

दुपारी त्यांनी मला गाडीतून कारखाना होता त्या बाजूला फिरवून आणलं. आता तिथे दुसरंच काही आहे. येताना टेकाडावर त्यांनी पाय दाबला आणि गाडी अशी सरळ, एका श्वासात चढली की मी ओरडलोच काहीतरी. त्यांना ऐकू गेलं नसणार.

जुलैच्या शेवटी परत आलो. दुसऱ्याच दिवशी मिरजेला गेलो. दादा आता एकोणऐंशीचा आहे, गुडघे गेलेत, ऐकू मात्र टाचणी पडलेली येते. वाटेत मी बारा हजारांचं वाक्य तयार केलं होतं. तोंड उघडून सुरुवातही केली, "दादा, शहाऐंशी साली..."

"ते राहू दे," तो म्हणाला. "फोटो दाखव."

मोबाइलवर फोटो मोठा करून तो बराच वेळ बघत राहिला. बोटानं इकडे तिकडे सरकवत होता. वहिनीनं आणलेला चहा निवून गेला. मग म्हणाला, "मागच्याच्या फ्लोटच्या झाकणाला ओव्हरफ्लोचा पाइप कुठाय? पुढच्याला हाय, मागच्याला नाही. खाली लगेच सायलेन्सरचा पाइप. फ्लोट चिकटला आणि पेट्रोल वाहिलं तर पडंल कुठं? पेटंल की गाडी. सांग त्याला."

त्याच्यासमोरच मुलीला मेसेज टाकला. संध्याकाळी तिचं उत्तर आलं, पाइप गॅरेजच्या खणातच होता, हिवाळ्यात काढलेला परत लावायचा राहून गेला होता. आता लावला. आणि आजोबांनी विचारलंय, टॅक्सीवाल्या भावाकडे अजून ती गाडी आहे का?

दादाला अजून सांगितलेलं नाही. तो हा ब्लॉग नातीकडून वाचून घेतो, तेव्हा इथेच कळेल.